खालून काही?

"बेल्ट सोड," महाजन सर म्हणाले.

उज्ज्वलाला वाटलं, गाठ चुकली. तिने ती सोडली, बेल्टची दोन्ही टोकं सारखी करून पाहिली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"बांधू नको. घडी घाल आणि पिशवीत टाक."

"सर, मी ब्राऊन आहे," ती म्हणाली. "सर्टिफिकेट आणलं ना मी. सही आहे त्याच्यावर, शिक्का आहे."

ओळीत कोणीतरी हसलं. सर तिच्याशी काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वृंदा, हिला सांग."

मी ओळीत उजवीकडून पहिली उभी होते. दोन पावलं पुढे जाऊन मी तिला सांगितलं, की दुसऱ्या क्लासचा बेल्ट इथे धरत नाहीत, सगळे पांढऱ्यापासून सुरुवात करतात. आणि सरांशी थेट बोलायचं नाही. काही विचारायचं किंवा सांगायचं असेल तर आपल्या वरच्या बेल्टला सांगायचं. ते वर वर जातं आणि ओळीतली पहिली ते सरांना सांगते.

"म्हणजे तू."

"मी. आणि वरच्या बेल्टला इथे ताई म्हणतात."

तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं. ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी होती, शाळेत मात्र एक इयत्ता मागे, हे मला नंतर समजलं.

"बरं, ताई," ती म्हणाली.

लहान मुलांच्या खोक्यातून तिला एक पांढरा बेल्ट काढून दिला. तो तिला अपुरा होता. गाठ मारल्यावर टोकं दोन-दोन बोटं उरली. ती ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. शेजारचा मुलगा तिच्या कोपराएवढा होता.

हे नोव्हेंबर १९८८ मधलं. तापीच्या काठी वीजकेंद्राची वसाहत होती आणि तिच्या रिक्रिएशन हॉलमध्ये रोज पहाटे साडेपाच ते सात आमचा कराटेचा क्लास चाले. माझे वडील, नेवे साहेब, बॉयलर विभागात कार्यकारी अभियंता होते. महाजन सर त्याच विभागात फिटर. चपला, घड्याळ आणि बापाचा हुद्दा दाराबाहेर ठेवून आत यायचं, असं सर पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगत. आत फक्त बेल्ट. रंगाप्रमाणे ओळ लागे, आणि रंग एकच असेल तर प्रमाणपत्रावरच्या तारखेप्रमाणे. माझी तारीख २३ ऑगस्ट १९८७ होती. क्लासमध्ये तपकिरी बेल्ट माझ्या एकटीकडे होता, त्यामुळे त्या तारखेला तोवर काही अर्थ नव्हता.

क्लास संपताना सगळे गुडघ्यांवर बसत. सर माझ्याकडे बघून विचारत, "खालून काही?" कोणाला ताप असे, कोणाला परीक्षेसाठी चार दिवस सुट्टी हवी असे. मी ते सांगत असे. बहुतेक दिवशी काही नसे आणि मी म्हणत असे, "नाही सर."

उज्ज्वला गावंडेचे वडील कोळसा यार्डात क्रेनवर होते. विदर्भातल्या एका केंद्रातून त्यांची बदली झाली होती. तिथे ती चार वर्षं शिकली होती. सरांनी तिला माझ्याकडे दिलं. "ही तुझी," ते म्हणाले. "पाण्यात पडल्यावर पोहायला येतं का बघ."

पहिले तीन आठवडे ती लहान मुलांबरोबर घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून उभी राहायला शिकली, म्हणजे जे तिला येतच होतं ते तिने शिकून दाखवलं. पिंकी चौधरी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, पिवळ्या बेल्टची. पिवळा पांढऱ्याच्या वर, म्हणून पिंकी तिच्यावर देखरेख करी. हातात पट्टी घेऊन ती उज्ज्वलाच्या मांडीवर टेकवे.

"आणखी खाली. आणखी. तुमच्याकडे असंच उभे राहतात का गं?"

"ओस," उज्ज्वला म्हणे. ओस म्हणजे हो, ऐकलं, तयार आहे. आमच्याकडे पांढऱ्याला उत्तर द्यायला तेवढा एकच शब्द होता.

"ओस, ताई म्हण."

"ओस, ताई."

मुलं हसत. सर पाठ करून उभे असत, पण त्यांना ऐकू येत असे. मी पिंकीला कधी थांबवलं नाही. पट्टी मीच तिला दिली होती.

त्यानंतर जोडीचा सराव सुरू झाला. त्यात वरच्याने मारायचं आणि खालच्याने अडवायचं. पांढऱ्याने उलट मारायचं नाही. मी रोज तिच्यावर चाळीस किक्स मारत असे आणि किती पोचल्या ते मोजत असे. पहिल्या आठवड्यात रोज दोन पोचत, कधी एक. बाकीच्या सगळ्या तिच्या हातावर थांबत, आणि तिचा हात माझ्या पायाच्या आधी तिथे असे.

हॉलची किल्ली माझ्याकडे होती. पांढऱ्या बेल्टने क्लासच्या आधी येऊन झाडायचं असे, म्हणून ती सव्वापाचला येई. डिसेंबरात एकदा ती झाडू हातात घेऊन थांबली.

"ताई, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"तुम्ही मावाशी मारायच्या आधी डावं कोपर पाडून राहिल्या."

मावाशी म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची किक. मी म्हटलं, "नाही पाडत."

"पाडता ना. इतकं." तिने दोन बोटांत अंतर दाखवलं. "मले तिथूनच समजते. तुम्ही कोपर पाडलं की मी हात नेते. पाय तर मी बघतच नाही."

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि माझं कोपर धरलं. "आता मारा. मी सोडणार नाही. मारा."

मी मारली. तोल गेला आणि मी फरशीवर बसले. तिने मला हात देऊन उठवलं आणि पुन्हा कोपर धरलं. आम्ही त्या दिवशी तीस वेळा केलं, दुसऱ्या दिवशी तीस वेळा. नऊ दिवस. दहाव्या दिवशी क्लासमध्ये चाळीसपैकी अकरा किक्स तिच्यापर्यंत पोचल्या. अकरावी लागली तेव्हा ती कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आता बसली."

"मला काऊन शिकवून राहिली?" मी तिला तिच्याच बोलीत विचारलं होतं एकदा. ती खूप हसली.

"असंच. झाडून झाल्यावर वेळ उरते ना." मग ती म्हणाली, "माझ्याकडे जूनपर्यंतच आहे, ताई. दहावी झाली की बाबा बंद करणार. पण ब्लॅक झाली तर शिकवता येते. आमच्या क्वार्टरकडच्या दहा पोरी जमवल्या तरी क्लास होते. पैसे घरात आले तर बाबा बंद कर म्हणणार नाहीत."

"पण तू पांढरी आहेस."

"हो ना," ती म्हणाली आणि उरलेला हॉल झाडायला गेली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिने मला एक पाकीट दिलं. तिच्या जुन्या सरांनी महाजन सरांना लिहिलेलं पत्र होतं. "वरून पोचवा म्हणून मला दिलं, ताई, म्हणून तुम्हाला देते." मी ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात ठेवलं. दोन दिवस ते तिथे होतं. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "खालून काही?" आणि मी म्हणाले, "हो सर. पत्र आहे."

सरांनी ते सगळ्यांसमोर उभ्याने वाचलं. शेवटी आल्यावर पुन्हा वरून वाचलं. मला वाटतं, त्यात त्यांना ओळखीचं एखादं मोठं नाव होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी कोणाचं खोटं म्हणत नाही. बावीस तारखेला, रविवारी, हिची परीक्षा. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, समोर वृंदा. ही पांढरी आहे, तेव्हा पांढऱ्याचा नियम. फक्त अडवायचं. गुडघा टेकला की संपलं. उभी राहिली तर हिचा ब्राऊन हिला परत. जुन्या तारखेसकट."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. मार्चमध्ये पुण्याला ब्लॅक बेल्टची परीक्षा होती. एका क्लासमधून एकच नाव घेणार होते आणि ते पंचवीस तारखेपर्यंत पाठवायचं होतं. "ओळीतलं पहिलं नाव जाईल," सर म्हणाले.

उज्ज्वलाचं प्रमाणपत्र मी बघितलं होतं. ५ एप्रिल १९८७. माझ्याआधी चार महिने अठरा दिवस.

चपला घालताना पिंकीने मला विचारलं, "वृंदाताई, म्हणजे ती आता तुझ्या उजवीकडे उभी राहणार?"

"उभी राहिली तर."

"आणि पुण्याला पण तीच जाणार?"

"तुझी चप्पल उलटी घातली आहेस," मी म्हटलं.

घरी मी काही सांगितलं नाही. आईने माझ्या पुण्याच्या परीक्षेचं आधीच वसाहतभर सांगून ठेवलं होतं. वसाहतीतल्या एकाही मुलीकडे ब्लॅक बेल्ट नव्हता.

अठरा तारखेला, बुधवारी, सरावात माझी एकतिसावी किक तिच्या उजव्या बरगड्यांवर बसली. कोपर जिथे असायला हवं होतं तिथेच होतं. तिच्या तोंडून आवाज आला नाही, फक्त श्वास अर्ध्यात थांबला. उरलेल्या नऊ तिने अडवल्या. क्लास झाल्यावर ती मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेली आणि तिने वरचा अंगरखा बाजूला केला.

"इथे हात लावून बघा ताई."

मी बोटांनी एक-एक बरगडी चाचपत खाली गेले. मी अकरावीत होते, जीवशास्त्र होतं. नवव्या बरगडीवर बोट आलं तेव्हा तिच्या कपाळावर एकदम घाम आला.

"श्वास घेताना दुखतं?"

"हो."

"शिंकताना?"

"शिंक येऊच देत नाही."

"मोडली नसेल. चीर असेल. सहा आठवडे लागतात."

"सहा." तिने हिशोब केला. "मार्चपर्यंत होते मग बरं. पुण्यापर्यंत." तिने अंगरखा सारखा केला. "ताई, लागलेलं असलं तर कुमितेऐवजी काता घेतात ना इथे? पिंकी सांगत होती, मागच्या साली एकाचं बोट मोडलं होतं तर सरांनी काताच घेतली म्हणून."

ते खरं होतं. कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत, आणि काता म्हणजे समोर कोणी नसताना एकट्याने करायच्या ठरावीक हालचाली. तिची काता मी झाडून झाल्यावर पहाटे पाहिली होती. तिच्यात चूक सापडावी म्हणून मी दोनदा लक्ष देऊन पाहिली होती आणि सापडली नव्हती.

"सरांना सांगाल ना?" ती म्हणाली. "परीक्षा नको म्हणत नाही मी. फक्त काता घ्या म्हणा."

"सांगते."

गुरुवारी सरांनी विचारलं, "खालून काही?"

मी म्हणाले, "नाही सर."

हॉल लांब होता, पण इतका लांब नव्हता. डाव्या टोकाला तिने ते ऐकलं असणार. शुक्रवारी झाडताना तिने विचारलं, "बोलल्या का तुम्ही?"

"सर्वांसमोर नाही बोलले. नंतर बोलले. बघतो म्हणाले."

"असं होय," ती म्हणाली आणि तिचा चेहरा मोकळा झाला. झाडू ती डाव्या हाताने मारत होती. "मी उगीच रात्रभर विचार करत बसली."

शुक्रवारी सरांनी विचारलं, "खालून काही?"

"नाही सर."

शनिवारी सरांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितलं. "खालून काही?"

"नाही सर."

रविवारी भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या. माझे वडील पहिल्यांदाच क्लासला आले होते. सरांनी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली आणि चहा मागवला. उज्ज्वलाचे वडील रात्रपाळी करून तसेच आले होते, कोळशाच्या कपड्यांत. कोणाची खुर्ची काळी होऊ नये म्हणून असेल, ते दारात उभे राहिले.

आम्ही ओळीत बसलो. सर मधोमध उभे राहिले.

"सुरू करायच्या आधी. खालून काही?"

मी मान न वळवता डावीकडे बघू शकत होते. उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, जशी माणसं आपला नंबर पुकारायची वाट बघतात.

"नाही सर," मी म्हणाले.

दारातून तिचे वडील एक पाऊल आत आले. तिने मांडीवरचा हात जेमतेम उचलला आणि तळवा त्यांच्याकडे केला. ते थांबले.

पहिल्या फेरीत माझी एकही किक तिला लागली नाही. तिने उजवं कोपर बरगडीला चिकटवून ठेवलं होतं आणि माझं सगळं डाव्या हाताने आणि पायांनी हलून चुकवलं. मला तिचं डोकं दिसत होतं. कोपर खाली असलं की कानाकडची उजवी बाजू उघडी राहते. दोन मिनिटं संपली तेव्हा मला समजलं होतं, की तिच्याकडे कोपर एकच आहे आणि झाकायच्या जागा दोन आहेत.

दुसऱ्या फेरीत मी डोक्याकडे पाय नेल्यासारखा केला. तिने हात वर उचलला. तेवढ्यात पाय वळवून मी बरगडीवर मारली. कोपर न पाडता. तिच्या ओठांचा रंग गेला. ती उभी राहिली. फेरी संपेपर्यंत ती हॉलभर मागे सरकत राहिली आणि मी तिच्यामागे चालत राहिले.

"चांगलं," माझे वडील म्हणालेलं मला ऐकू आलं.

तिसऱ्या फेरीत मी पुन्हा डोक्याकडे पाय नेला. या वेळी तिने हात उचललाच नाही. किक तिच्या कानावर बसली. मी पुन्हा नेली. तिने पुन्हा हात उचलला नाही आणि पुन्हा कानावर घेतली. तिने ठरवलं होतं, डोक्यावर घ्यायचं आणि उभं राहायचं. ती मला बघत होती, पण तिची एका डोळ्याची नजर नीट ठरत नव्हती. सरांच्या हातात घड्याळ होतं. चाळीस सेकंद उरले असतील.

डोक्याकडे येणाऱ्या वस्तूपुढे हात जाणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती मनाने थांबवता येते, पण दर वेळी नाही. दोनदा थांबवली की तिसऱ्यांदा अवघड होतं. मला हे माहीत होतं आणि मी तिसऱ्यांदा पाय डोक्याकडे नेला.

तिचा हात वर गेला.

तिचा डावा गुडघा फरशीला लागला आणि ती लगेच उठली. इतक्या लगेच, की खुर्च्यांवरच्या अर्ध्या लोकांना कळलंही नसेल.

"टेकला," सर म्हणाले. "संपलं."

नियमाप्रमाणे खालच्याने आधी वाकायचं. ती वाकली. बरगडीमुळे तिला अर्धंच वाकता आलं.

"धन्यवाद, ताई," ती म्हणाली.

मी पूर्ण वाकले.

लोक गेल्यावर सरांनी मला जाळ्या आणि रॅकेटी ठेवायच्या खोलीत बोलावलं.

"दार लाव," ते म्हणाले. टेबलावर पुण्याला पाठवायचा फॉर्म होता. "गुरुवारी क्लास झाल्यावर गावंडे आला होता बॉयलरखाली. क्रेन थांबवून आला. पोरीची बरगडी दुखावली म्हणाला, काता घ्या म्हणाला. हात जोडले त्याने."

मी फॉर्मकडे बघत राहिले.

"मी म्हटलं, बाबा, क्लासचं क्लासमध्ये. तिच्या वरच्याकडून येऊ दे, मी लगेच घेतो काता. नियमच आहे तो. मग मी तुला तीनदा विचारलं."

"त्यानंतर तीनदा. एकूण चारदा, सर," मी म्हणाले. "गुरुवारी क्लासमध्ये पण विचारलं होतं."

त्यांनी वर बघितलं. मग ते हसले, मनापासून.

"चारदा. बरोबर. हिशोबाला पक्की आहेस." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "एकदा जरी हो म्हणाली असतीस ना, तर मला काता घ्यावी लागली असती. मग ती पहिली. मग मी नेवे साहेबांना काय सांगणार होतो? जाताना साहेबांनी हातात हात दिला माझ्या. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे."

बाहेर कोणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं.

"घे," सर म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "नाव तूच लिही. इंग्रजीत माझं स्पेलिंग चुकतं. पूर्ण लिही, सर्टिफिकेटवर तसंच येणार."

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. हात थरथरला असेल असं मला नंतर वाटायचं. पण त्या फॉर्मची कार्बन प्रत अजून माझ्याकडे आहे, आणि अक्षर अगदी सरळ आहे.

मार्चमध्ये मी पुण्याला पास झाले. वसाहतीच्या पत्रकात फोटो आला.

ती परत येणार नाही, असं मी धरून चालले होते. एप्रिलच्या सुरुवातीला, दहावीची परीक्षा संपल्यावर ती आली. तोच अपुरा पांढरा बेल्ट बांधून डाव्या टोकाला उभी राहिली. पिंकी तेव्हा नारिंगी बेल्टची झाली होती आणि तिला कोणावर तरी देखरेख करायचा कंटाळा आला होता, त्यामुळे उज्ज्वलाला आता कोणी काही बोलत नसे. ती सगळं बरोबर करी. सरावात माझ्यासमोर येई, अडवी, वाके, "धन्यवाद, ताई" म्हणे. पहाटे सव्वापाचला येऊन झाडून जाई. मी किल्ली घेऊन उभी असे. झाडताना ती बोलत नसे, आणि मीही काही विचारत नसे.

सुट्टीत क्लास संध्याकाळीही असे. व्हरांड्यातल्या तापमापकात साडेपाचला त्रेचाळीस अंश असत. दीड-दोन तासांच्या सरावात लहान मुलं दोन-तीनदा पाणी प्यायला जात. पांढऱ्याला पाणी प्यायचं असेल तर वरच्याला विचारून जायचं असे, आणि सर नसले की सगळे मलाच विचारत. "ताई, पाणी." "जा." दिवसातून वीस-पंचवीस वेळा.

उज्ज्वलाने एकदाही विचारलं नाही. पहिल्या दिवशी मला ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. मग मी मोजायला लागले. अकरा दिवस झाले.

बाराव्या दिवशी सर पाळीवर होते आणि क्लास मी घेत होते. एक तास चाळीस मिनिटं झाली होती. ती घोड्यावर बसल्यासारखी पाय वाकवून उभी होती आणि तिच्या पायांखालच्या फरशीवर घामाचे थेंब पडून वाळत होते.

मी ओळीच्या डाव्या टोकापर्यंत चालत गेले.

"उज्ज्वला, पाणी पिऊन ये."

वरच्याने सांगितलेलं करावं लागतं. ती उठली.

"ओस, ताई."

ती व्हरांड्यात गेली. नळ खिडकीतून दिसत होता. तिने तो सोडला. दिवसभर तापलेलं पाणी आधी वाहू द्यावं लागे, तसं तिने वाहू दिलं. मग दोन्ही हात धुतले, आधी तळवे, मग मनगटं. नळ घट्ट बंद केला, हात अंगरख्याला पुसले आणि आत येऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

मी तिच्यासमोरच होते. तिच्या वरच्या ओठावर घामाचं मीठ पांढरं होऊन वाळलेलं होतं.

"प्यायलीस?"

"ओस, ताई," ती म्हणाली आणि गुडघे वाकवून खाली बसली, माझ्या पुढच्या आकड्याची वाट बघत.